बिनलेबलाच्या गोळ्या

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात आणि मी ह्यांना दुरुस्त करते, असं मी गेली चौतीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले आहे. गिऱ्हाईक हसतं, हे भिंगातून डोळा वर काढत नाहीत, आणि मी पावती फाडून देते. तर सांगायचं म्हणजे, गेल्या वर्षी माझ्याच हातून हे बिघडले. वन्संचा त्यात वाटा आहे, ह्यांचा स्वतःचाही आहे, पण उगाच दुसऱ्यांच्या माथी कशाला मारू? सुरुवात माझी.

आमचं दुकान म्हणजे पुढची एक खोली. दारात काउंटर, तिथे मी. मागे खिडकीला लागून ह्यांचं टेबल, त्याच्या कडेला लाकडी पट्टी ठोकलेली, म्हणजे एखादा भाग हातून सुटला तरी खाली जायला नको. पडद्यामागे घर. घड्याळ खोललं की त्याचा एकेक भाग एका चपट्या लाकडी ट्रेमध्ये जातो. चोवीस कप्पे, वर काचेचं झाकण. कुठल्या कप्प्यात काय आहे ते कुठेही लिहायचं नाही, हा ह्यांचा नियम. "ज्यानं खोललं त्याला ठाऊक असतं. लेबलं लागतात ती काम न येणाऱ्याला." ट्रे लावणं, झाकणं, रांगेत ठेवणं हे खातं माझं, आणि एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात गेलं असं चौतीस वर्षांत एकदाही झालेलं नाही. हे मी जरा फुशारकीनंच सांगतेय. पुढे ती उतरणार आहे.

झालं असं, की वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. शाळेत कवायत शिकवायच्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी शिट्टी अजून पर्समध्ये असते. आल्या, बसल्या, आणि ह्यांचं मनगट धरून म्हणाल्या, "धाकट्या, काय रे हे? घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकावर आलाय तुझा!"

म्हणाल्या त्यांना, पण बघितलं माझ्याकडे.

आता मला झोंबणार नाही तर काय? माणूस जेवतो कुणाच्या हातचं? पट्टा नवा होता आणि मुळातच लांब होता, हे मला चार दिवसांनी सुचलं. तोवर मी कामाला लागले होते.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या दुकानातून एक बाटली आणली. तिच्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं पळत होतं, आणि इतकं हसत पळत होतं की मलाच धाप लागली. 'साठीनंतरचं सगळं एका गोळीत' असं लिहिलेलं. सगळं म्हणजे काय, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं, आणि बारीक वाचायचं काम आमच्याकडे ह्यांचं. मग एक ताकदीची पावडर आणली. हे असलं काही पिणार नाहीत म्हणून ती सकाळच्या दुधात गुपचूप ढवळायला लागले. मग थकव्यावरच्या गोळ्या. मग गुडघ्यांच्या, डोळ्यांच्या, माशाच्या तेलाच्या. केसांच्यासुद्धा. ह्यांचे केस कधीच परतीच्या पलीकडे गेलेत, पण बाटली फार सुरेख होती. वन्संनी आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून हिरव्या गोळ्या आणून दिल्या. "शंभर टक्के नैसर्गिक आहेत गं, काही होत नाही त्यांनी," म्हणाल्या. म्हणजे पावडरीचा डबा धरून एकूण आठ, आणि ह्यांची ब्लड प्रेशरची गोळी होतीच आधीपासून.

पावडर लपवलेली, तरी जेवणाच्या टेबलावर सात बाटल्या म्हणजे काय पसारा! आणि बाटल्या तरी कशा, रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या. घड्याळवाल्याच्या घरात अशी बाटली कोणी टाकून देईल का? मी सगळ्या गरम पाण्यात भिजत घातल्या, लेबलं खरवडून काढली, लख्ख धुतल्या, आणि दुकानात नेऊन त्यांत स्क्रू, काटे, चाव्या भरून ठेवल्या. गोळ्या ठेवल्या एका जुन्या ट्रेमध्ये. वरची रांग सकाळची, मधली दुपारची, खालची संध्याकाळची.

ह्यांनी ट्रे बघितला. "अगं, ह्यातली कुठली कशाची?"

"ज्यानं भरलं त्याला ठाऊक असतं," मी म्हटलं.

स्वतःचंच वाक्य तोंडावर आलेलं बघून हे गोळ्या गिळायला लागले. रोज, न कुरकुरता. चौतीस वर्षांत ह्यांनी माझं एवढं कधी ऐकलेलं नव्हतं. खरं तर तिथेच मला शंका यायला हवी होती.

शंका आली ती चुंबकामुळे.

घड्याळाच्या दुकानात चुंबक चालत नाही, घड्याळं वेडीवाकडी चालायला लागतात. म्हणून आमचा चुंबक मागच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. संध्याकाळी सगळी घड्याळं कपाटात गेली की मी तो दोरीला बांधून टेबलाखालून फिरवते. कडेला पट्टी असली तरी एखादा स्क्रू उडतोच. रोज एखादा, फार तर दोन. तर पाच-सहा महिन्यांत ते दोनाचे पाच झाले, पाचाचे नऊ. एके संध्याकाळी चुंबक वर ओढला तर त्याला दाढी फुटली होती. मी ते सगळे बशीत काढले, ह्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, "काय हो, आज पेरणी केलीत का?"

मला वाटलं काहीतरी तिरकस उत्तर देतील. हे नुसते बशीकडे बघत राहिले.

लग्नानंतर पहिल्या महिन्यात ह्यांनी मला एक खेळ शिकवला होता. डोळे मिटायचे, तर्जनी पुढे करायची. समोरच्यानं तिच्यावर आपलं बोट टेकवायचं आणि उचलायचं. कधी स्क्रू ठेवायचा, कधी नाही. आहे की नाही ते सांगायचं. स्क्रू म्हणजे केवढा? भाकरीवरचा तीळ त्याच्यापुढे धोंडा. हे कधीच चुकायचे नाहीत. त्या दिवशी मी म्हटलं, "मिटा डोळे."

"चल, पोरकटपणा नको."

"मिटा म्हणते ना!"

मिटले. मी बोट टेकवलं, काही न ठेवता उचललं.

"आहे," हे म्हणाले.

मी परत टेकवलं. परत काही ठेवलं नाही.

"आहे."

मी म्हटलं, "बरोबर." चौतीस वर्षांत कामाच्या बाबतीत मी ह्यांच्याशी खोटं बोलले ते पहिल्यांदाच.

आठवड्यानं हे जेवताना म्हणाले, "समोरचा कव्हरवाला जागा मागतोय. महिनाअखेर सांगतो म्हटलंय त्याला."

समोरच्या कोपऱ्यावर एक मुलगा फोनची कव्हरं विकतो. त्याला मोठी जागा हवी होती हे मला माहीत होतं. "कुठली जागा?" मी विचारलं.

"दुकान."

"का?"

"झालं की वय. किती दिवस बसायचं?"

ह्यांच्या बोलण्यात वय कधी आलं नव्हतं. साठावा वाढदिवससुद्धा ह्यांनी एका जुन्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग बसवण्यात घालवला होता. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. नाही म्हणाले. वन्संना बोलावते म्हटलं, तर हातच जोडले. मी पडद्यामागे जाऊन रडले. रडले म्हणजे चांगली हुंदके देऊन रडले, त्यात काय लपवायचं? दुकान गेलं असतं तरी आम्ही उपाशी मेलो नसतो. पण खिडकीपाशी ती वाकलेली पाठ दिसली नाही तर सकाळी उठून मी बघायचं कशाकडे?

मग डोळे पुसले आणि नेहमीचा शहाणपणा केला. म्हटलं, शिरा अशक्त झाल्या असणार. शिरांचं काहीतरी आणू या. नववी बाटली.

ह्या वेळी मोठ्या दुकानात न जाता कोपऱ्यावरच्या औषधवालीकडे गेले, कारण ब्लड प्रेशरच्या गोळ्या तिच्याकडूनच येतात. तिशीची मुलगी आहे, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. ती विचारणार की आणखी काय चालू आहे, म्हणून मी ट्रेच काखेत मारून नेला. नीटनेटकेपणा दाखवायची हौस, दुसरं काय!

"काकांच्या बोटांना मुंग्या येतात, स्क्रू लागत नाही हाताला," मी म्हटलं. "शिरांसाठी चांगलंसं काहीतरी दे. जरा जोरदार."

"आणखी काय घेतात?"

मी ट्रे काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. तिनं आधी ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काकू, ह्यांच्या बाटल्या?"

"त्यांत स्क्रू ठेवलेत."

"आणि लेबलं?"

"धुऊन टाकली."

तिनं दोन्ही हात काउंटरवर टेकले. "हे घ्यायला सांगितलं कोणी? रक्त तपासलं होतं का?"

"घड्याळाचा पट्टा बघून ठरवलं," मी म्हटलं. म्हणताना मला स्वतःलाच ते कसं ऐकू आलं, ते मी सांगत नाही.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "एकेक कप्पा सांगा."

मी सांगत गेले. ही पळणाऱ्या जोडप्याची. ही थकव्याची. ही गुडघ्याची, केसांची, डोळ्यांची, ही तेलाची, ह्या वन्संच्या हिरव्या. ती एकेक गोळी उचलून बघायची आणि फडताळावरून तशीच बाटली काढून ठेवायची. खालच्या रांगेतल्या पाचव्या कप्प्याशी आले आणि माझी जीभ अडली. त्यात तपकिरी कॅप्सूल होत्या, दहाबारा.

"ही कशाची?" तिनं विचारलं.

"ही... ही मी भरलेली नाही."

माझ्या ट्रेमध्ये परका भाग! मला घामच फुटला. म्हणजे इतके दिवस मी रोज झाकण काढत होते, हातानं काढून देत होते, आणि हा कप्पा मला दिसला नाही? चोवीस कप्पे, सगळ्यांत गोळ्याच गोळ्या. दिसणार तरी काय? ह्यांच्या घड्याळाच्या बाबतीत हे झालं असतं तर मी स्वतःला दुकानातून काढून टाकलं असतं.

औषधवाली कॅप्सूल बोटांत फिरवत होती. आता तिचा आवाज जरा उतरला. "काकू, ही माझ्याकडची आहे. काका नेतात. चार महिने झाले."

"कशासाठी?"

"शिरांसाठी. बोटं बधिर वाटतात म्हणाले. मी विचारलं होतं, आणखी काही घेता का? म्हणाले, ब्लड प्रेशरची सोडून काही नाही. डॉक्टरांना दाखवा म्हटलं, तर हो हो म्हणाले. तेवढ्यावर मी द्यायला नको होतं."

म्हणजे बोटं बधिर झाल्याचं ह्यांना चार महिने ठाऊक होतं, आणि माझ्याच ट्रेमध्ये, माझ्याच नाकाखाली, हा माणूस आपली चोरटी कॅप्सूल ठेवत होता. राग आला, आणि त्या रागातच रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की मला उचकी लागते. तिनं मला पाणी दिलं.

मग बाटल्या फिरवून मागची बाजू माझ्याकडे केली. "वाचा."

मला काय दिसणार! पण माझ्या पर्समध्ये ह्यांचं एक जुनं भिंग असतं, पावत्यांचे नंबर बघायला. ते डोळ्याला लावलं आणि औषधाच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, बाटल्या वाचत बसले. मागे एक गृहस्थ खोकल्याच्या औषधासाठी थांबले होते, ते खोकायचे विसरले.

"बी सहा," ती म्हणाली, "एवढंच शोधा. व्हिटॅमिन बी सहा."

पळणाऱ्या जोडप्यात दहा मिलिग्रॅम. थकव्याच्या गोळीत पन्नास. तपकिरी कॅप्सूलमध्ये शंभर.

"झालं?"

मी मान खाली घातली. "दुधात पण एक पावडर असते."

"कुठली?" तिनं नाव विचारून तो डबाही काढला. रोजच्या चमच्यात पंचवीस.

"माणसाला दिवसाला दीड-दोन पुरतं," ती म्हणाली. "तेवढं रोजच्या जेवणातून मिळतंच. काकांना मिळतंय पावणेदोनशेच्या वर. शिरांना, म्हणजे मज्जातंतूंना, हे लागतं, खरं आहे. पण महिनोन्महिने जास्त झालं तर त्याच शिरा दुखावतात. बोटं बधिर होतात, पाय बधिर होतात."

"अगं, पण व्हिटॅमिनच ना? जास्तीचं लघवीवाटे जातं म्हणतात!"

"म्हणतात," ती म्हणाली.

म्हणजे बोटं बधिर झाली ती माझ्या गोळ्यांनी. बधिर झाली म्हणून ह्यांनी तपकिरी सुरू केली, आणि त्यानं आणखी बधिर. आणि मी आले होते नववी घ्यायला.

"मी डॉक्टर नाही, कारण दुसरंही असू शकतं," ती म्हणाली. "पण आजच दाखवा. हे सगळं बंद. ब्लड प्रेशरची मात्र बंद करायची नाही. आणि ह्या हिरव्या माझ्याकडे नाहीत. ह्यांची बाटली मिळाली तर न्या डॉक्टरांकडे."

घरी आले. हे भिंग लावून बसले होते, हातात काही नव्हतं. मी ट्रे ह्यांच्यापुढे ठेवला आणि पाचव्या कप्प्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

ह्यांनी भिंग काढलं. "कळलं वाटतं."

"चार महिने! मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू आणखी एक बाटली आणली असतीस."

"आणायलाच गेले होते," मी म्हटलं.

ह्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते! मी रागावले, मग मलाही आवरेना. हसता हसता मी दुधातल्या पावडरीचं कबूल केलं.

"ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," हे म्हणाले. "दुधाच्या तळाशी रोज वाळू लागायची. म्हटलं, घालतेस तर घाल."

"आणि गोळ्या का गिळत होतात निमूटपणे?"

"तू इतकी छान ट्रे लावत होतीस," हे म्हणाले. एवढं म्हणून खिडकीतून बाहेर बघायला लागले.

मी फोन केला तशा वन्सं संध्याकाळी हिरव्या गोळ्यांची बाटली घेऊन तरातरा आल्या. "माझ्या विद्यार्थिनीनं दिलेल्या गोळ्यांना नावं ठेवतेस? कवायतीत पहिली यायची ती!" मी भिंग त्यांच्या हातात दिलं. वन्संनी बाटली पुढून वाचली, मागून वाचली, बुडही वाचलं. 'नैसर्गिक' हा शब्द सात वेळा होता. आत काय आहे, किती आहे, कुठे बनवलं, कोणी तपासलं, ह्यातलं काही नव्हतं. वन्संनी बाटली खाली ठेवली आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "मी पण घेते गं ह्या. दोन वर्षं झाली." त्या गुणी विद्यार्थिनीची मग फोनवर जी कवायत झाली, तिला शिट्टीचीसुद्धा गरज पडली नाही.

डॉक्टरांनी ह्यांच्या बोटांना टाचणी टोचली, पायाच्या अंगठ्याला कंप पावणारा चिमटा लावला, रक्त घेतलं, आणि आमचा ट्रे बघून दोन्ही नर्सना बोलावून दाखवला. तपासणीत बी सहा वर, फार वर. साखर वगैरे ठीक. व्हिटॅमिन डी मात्र खरंच कमी निघालं. खिडकीपाशी बसूनही ऊन फक्त घड्याळांनाच लागतं, असं हे म्हणाले. तेवढी एक गोळी डॉक्टरांनी लिहून दिली. किती, किती दिवस, आणि पुन्हा रक्त कधी तपासायचं, तेही लिहिलं.

"बोटं परत येतील?" मी विचारलं. हे विचारणार नव्हते.

"बहुतेक वेळा येतात. महिने लागतात. पूर्ण येतीलच असं वचन मी देत नाही."

बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "मग कव्हरवाल्याला हो म्हणून टाकतो."

"सहा महिने थांबायला सांगा त्याला."

"आणि तोवर दुकान?"

"मी हात चालवीन, तुम्ही तोंड चालवा. नाहीतरी तोंडाला मुंग्या आलेल्या नाहीत."

तर तसं सुरू झालं. टेबलाशी मी, स्टुलावर हे. सेल बदलणं, पट्टे, काचा एवढं मला येत होतंच. आता घड्याळाच्या पोटात शिरायला लागले. देवा, काय मास्तर हो! "अगं चिमटा धरलायस की लाटणं?" "श्वास सोड ना, ते चाक आहे, चोर नाही." चौतीस वर्षं मी ह्यांना टोचून बोलले त्याची वसुली ह्यांनी दोन महिन्यांत केली. मोठी कामं आम्ही परत पाठवत होतो. ती पाठवताना हे आत निघून जायचे.

डीची गोळी आणायला आम्ही दोघं औषधवालीकडे गेलो. ह्यांनी तीन बाटल्या मागवून घेतल्या, भिंग लावलं आणि पाऊण तास वाचत बसले. एकीत डीबरोबर आणखी सतरा गोष्टी होत्या, ती परत. दुसरीवर 'जादा शक्ती', ती परत. तिसरीत फक्त डी, डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच, कारखान्याचा पत्ता होता, आणि कारखान्याबाहेरच्या कुणीतरी तपासल्याचा शिक्का होता. "तो शिक्का म्हणजे वर जे लिहिलंय तेच आत आहे, एवढंच," औषधवाली म्हणाली. "तुम्हाला ते लागतं का, हे शिक्का सांगत नाही." ह्यांनी मान डोलावली. ती बाटली आता टेबलावर एकटीच असते, लेबलासकट. हो, लेबलाला मी हात लावत नाही.

आणि रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो खेळ. डोळे मिटा, बोट पुढे. मी कधी ठेवायचे, कधी नाही. हे दर वेळी "आहे" म्हणायचे. पहिला महिना, दुसरा, तिसरा, आहे, आहे, आहे. मीही दर वेळी "बरोबर" म्हणायचे. ठेवला नसला तरी. डॉक्टरांनी वचन दिलं नव्हतं, ते मला मोरीत भांडी घासतानासुद्धा ऐकू यायचं. कव्हरवाला येता-जाता दारातून आत डोकावून खोलीची लांबी डोळ्यांनी मोजायचा, आणि मला त्याच्या डोक्यात एक फटका द्यावासा वाटायचा. बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

पाचव्या महिन्यातली गोष्ट. मी बोट टेकवलं, उचललं. काही ठेवलं नव्हतं.

हे गप्प.

"सांगा की," मी म्हटलं.

"नाही."

"काय नाही?"

"काही नाही ठेवलंयस. फसवतेस."

मी डब्यातून सगळ्यात बारीक स्क्रू चिमट्यानं उचलला, बोटाला लावला, टेकवला, ठेवला.

"आता आहे," हे म्हणाले.

पुन्हा, रिकामं.

"नाही."

मी चिमटा खाली ठेवला. हे डोळे मिटूनच म्हणाले, "इतके दिवस मी आहे आहे म्हणत होतो, ते कशावरून ठाऊक आहे? तू श्वास धरतेस. ठेवलास तरी धरतेस, नाही ठेवलास तरी धरतेस. मला वाटायचं, एवढा श्वास धरतेय, तर नाही कसं म्हणू?"

"मग आज नव्हता धरला?"

"धरला होतास की. धरलाच होतास. पण बोट नाही म्हणालं."

मी रडले, अगदी मोकळेपणानं रडले. हे डोळे उघडून म्हणाले, "अगं हळू, तो स्क्रू माझ्या बोटावरून उडेल." खरंच उडाला. आम्ही दोघं टेबलाखाली ओणवे होऊन तो शोधत असताना कव्हरवाला दारात आला आणि म्हणाला, "काका, काही पडलं का?"

"बाबा," मी टेबलाखालूनच म्हटलं, "तू दुसरी जागा बघ."

सगळं काही जसंच्या तसं आलं असं नाही. डाव्या हाताची दोन बोटं अजून जरा जाड वाटतात म्हणतात. दुपारनंतर बारीक काम करत नाहीत, ते माझ्याकडे येतं. पण त्याच दिवशी, सकाळचा तो स्क्रू सापडल्यावर, ह्यांनी एक जुनं मनगटी घड्याळ पूर्ण खोललं, चोवीसही कप्पे भरले, आणि दुपारपर्यंत परत जोडलं. संध्याकाळी घड्याळं कपाटात ठेवून मी चुंबक फिरवला. एकच स्क्रू लागला, आणि तो माझ्या हातून पडला होता.